हाय म्हणजे हो

चौबळ मॅडम घाबरट होत्या. मी त्यांची निंदा करतोय असं समजू नका. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की पहिली ओळ हीच येते. त्या लिफ्टला घाबरायच्या, कुत्र्यांना घाबरायच्या, प्राचार्यांच्या शिपायालाही घाबरायच्या, आणि एवढं सगळं करून आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख होत्या. लॅबमधला मेन स्विच लावण्याआधी पायात चप्पल आहे ना हे त्या दोनदा बघायच्या. कुरियरवाल्याने सही मागितली की पाकीट उलटसुलट करून त्यालाच विचारायच्या, "अहो, यात माझ्या नावावर काही लागू तर होत नाही ना?"

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी होती, त्यामुळे त्यांच्या भीतीचा माझा अभ्यास चांगला झाला होता. सगळ्यात जास्त त्या कशाला घाबरायच्या सांगू? चांगल्या बातमीला. एका वर्षी त्यांच्या विषयात झाडून सगळी मुलं पास झाली. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. मॅडम दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी खुर्ची माझ्याकडे ओढून म्हणाल्या, "सर, सगळी? मागच्या बाकावरच्या त्या तिघांनी वर्षभरात पुस्तक उघडलेलं मी पाहिलं नाही. काहीतरी चुकलंय." चुकलं काहीच नव्हतं, पेपर सोपा निघाला होता. पण मॅडमनी ते प्रकरण तसं सोडलं नाही. त्या तिघांना बोलावून त्यांची वेगळी परीक्षा घेतली, तिघेही नापास झाले, आणि मॅडमना बरं वाटलं.

त्यांचं घर भिवंडीतच, निजामपुऱ्यात होतं. तीन पिढ्या त्याच गल्लीत, आणि गल्लीत दोन्ही बाजूंना दिवसरात्र खडखडणारे कापडाचे लूम. त्या घरात हळू बोलून चालतच नाही. मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागतं. त्यामुळे झालं असं, की मनाने इतकी भित्री असलेली बाई आवाजाने मात्र हवालदार होती. नव्या माणसाला वाटायचं, या भांडताहेत. आणि त्या बिचाऱ्या विचारत असायच्या, "पंखा थोडा कमी करू का?"

अशा बाईंना एक दिवस दिल्लीहून पत्र आलं. माहिती आणि संचार तंत्रज्ञानात पुढच्या काळात देशाने कोणतं संशोधन करावं, कशासाठी करावं, याचं राष्ट्रीय धोरण ठरत होतं. त्या कामाच्या एका समितीवर मॅडमना घेतलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमचा चेहरा उतरलेला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, मला का घेतलं ते मला कळलंय. त्यांना एक बाई पाहिजे होती आणि एक लहान शहर पाहिजे होतं. माझ्यात दोन्ही एकदम मिळालं."

"मग काय झालं? जा की."

"जाईन हो. पण त्यांनी मला काही विचारलं तर?"

त्यांना कुणी फारसं विचारलं नाही. मात्र मसुदे यायला लागले. एकेक मसुदा उशीएवढा जाड. मॅडम डब्याच्या सुट्टीत एका हाताने पोळी खात दुसऱ्या हाताने पेन्सिल चालवायच्या. मी एकदा डोकावून पाहिलं तर समासात जागोजागी एकच शब्द लिहिलेला: कोण? मसुद्यात लिहिलेलं, 'क्षमता उभारली जाईल.' समासात, कोण? 'सेवा तळागाळापर्यंत पोहोचवली जाईल.' कोण? 'त्रुटींची दखल घेतली जाईल.' इथे 'कोण'पुढे दोन प्रश्नचिन्हं. मी म्हटलं, मॅडम, सरकारी भाषा अशीच असते, कर्ता गाळायचा असतो. त्या म्हणाल्या, "तुम्हाला व्याकरण वाटतं, मला धडकी भरते. काही बिघडलं तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

दिल्लीच्या बैठकांत त्यांनी हा प्रश्न आपल्या त्या निजामपुरी आवाजात विचारला असणार, कारण तिथे त्यांचं नाव 'कौन मॅडम' पडलं होतं. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं. हसताना पदराशी चाळा मात्र चालू होता.

धोरणात एक प्रकरण भाषांवर होतं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्याशी यंत्राने त्यांच्या भाषेत बोलावं, त्यांचं बोलणं समजून घ्यावं, असं संशोधन देशभर व्हावं असा तो विषय. त्याचा एक नमुना प्रयोग आमच्याकडे आला. डोंगराकडच्या पाड्यांवर गरोदर बायकांना दर आठवड्याला फोन जायचा. फोनवर यंत्र तीन प्रश्न विचारणार: डोकं दुखतं का, पाय सुजलेत का, डोळ्यांपुढे अंधारी येते का. बाईने हो किंवा नाही म्हणायचं. 'हो' आलं की नर्सबाईंना निरोप. इतकं साधं काम.

यंत्राला आधी ऐकायला शिकवावं लागतं. त्यासाठी पाड्यांवरच्या बायकांचं बोलणं रेकॉर्ड करून आणलं गेलं. ते वाक्य वाक्य लिहून काढायचं, आणि आवाज नि लिखाण दोन्ही यंत्राला द्यायचं. लिहिण्याचे नियम ठरवायला मॅडमनी मला बोलावलं, आणि खोटं कशाला बोलू, मी फुशारलो. आयुष्यभर उत्तरपत्रिकांत लाल शाई ओतली, तिचं कुणी नाव काढलं नव्हतं. आता राष्ट्रीय पातळीवर माझं शुद्धलेखन जाणार होतं. मी एका बैठकीत अकरा नियम लिहिले. चौथा नियम असा: 'हाय, हाये, हाइ इत्यादी ग्रामीण रूपे सर्वत्र "आहे" अशी लिहावीत.'

मॅडमनी कागद वाचला. मग कानाला हेडफोन लावून पुन्हा काही रेकॉर्डिंग ऐकली. म्हणाल्या, "सर, या बायका हो असं म्हणतच नाहीत. काही विचारलं की हाय म्हणतात. मग हाय म्हणजे हो, असं नाही का होत?"

मी त्यांना क्रियापद आणि अव्यय यांतला फरक समजावून सांगितला. चांगली दहा मिनिटं. शेवटी म्हणालो, "मॅडम, हे देशाच्या धोरणात जाणार आहे. तिथे हाय-न्हाय शोभेल का?"

मराठीच्या मास्तरापुढे त्या शाळकरी मुलीसारख्या व्हायच्या. "तसं नाही, तुम्ही म्हणता ते बरोबरच असेल," म्हणाल्या आणि सही केली. आमच्या कॉलेजच्या मुलांनी महिनाभर बसून एकूण एक 'हाय' खोडला.

प्रयोग सुरू झाला आणि उत्तम चालला. तीन महिन्यांचा अहवाल आला तेव्हा दिल्लीला आनंदीआनंद. फोन लागत होते, बायका बोलत होत्या, यंत्र समजून घेत होतं, आणि एकाही बाईला काही त्रास नव्हता. नर्सबाईंनी फक्त 'हो' आलेल्या घरी जायचं असं ठरलेलं, त्यामुळे त्यांच्या फेऱ्याही वाचल्या. समितीच्या अध्यक्षांनी कळवलं, की धोरणाच्या त्या प्रकरणात भिवंडीचा प्रयोग आदर्श म्हणून छापायचा आणि देशभर याच पद्धतीने पुढे जायचं.

मॅडम अहवाल घेऊन स्टाफरूममध्ये आल्या त्या उभ्याच राहिल्या. 

"सर, एकाही बाईचे पाय सुजले नाहीत?"

"चांगलं आहे की, मॅडम."

"मला दोन बाळंतपणं झालीत. माझ्या बहिणीला तीन. गरोदर बाईचे पाय सुजत नाहीत असा गाव कुठे असतो का?" त्यांनी पर्स खांद्याला लावली. "तुम्ही येता का माझ्याबरोबर? आत्ता. मला एकटीला जायची भीती वाटते."

मी हसलो होतो, हे मला आठवतं. बाईंना पुन्हा चांगली बातमी चावली, असं काहीतरी मनात आलं होतं. कॉलेजच्या दारात नेहमी उभी असणारी रफीकची रिक्षा आम्ही पूर्ण दिवसासाठी केली आणि निघालो.

पाडा टेकडीच्या पोटाशी होता. पंधरा-वीस घरं. दुपारची वेळ, पुरुष बहुतेक पूर्णा गावच्या गोदामांत हमालीला गेलेले. यादीतलं पहिलं नाव जयवंती. आठवा महिना. ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. आम्हाला बघून उठायला लागली आणि तशीच खाली बसली. मी तिचे पाय पाहिले. घोटे नव्हतेच. चेहरा असा फुगलेला की डोळे बारीक झालेले. मॅडम तिच्याजवळ खाली बसल्या आणि त्यांनी तिच्या पायावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला.

"डोकं दुखतं का गं?"

"हाय ना बाय. चार दिस झालं."

"डोळ्यांपुढे अंधारी?"

"हाय."

"फोन येतो ना तुला? सांगितलं नाहीस?"

"सांगतंय ना! दर खेपला सांगतंय, हाय, हाय, हाय. तो बोलतो, तुमची तब्येत बरी हाय." जयवंती थोडी लाजून हसली. "मंग मना वाटला, बरीच आसंल. त्याला आपल्यापेक्षा जास्ती कलत आसंल."

मॅडमनी तिचा फोन मागून घेतला आणि प्रयोगाचा नंबर लावला. यंत्राचा गोड आवाज आला. आपलं डोकं दुखतं का? हो किंवा नाही म्हणा. जयवंती म्हणाली, हाय. आपले पाय सुजले आहेत का? हाय. डोळ्यांपुढे अंधारी येते का? हाय. तीनदा, स्पष्ट, फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन. आणि तो आवाज म्हणाला, आपली प्रकृती उत्तम आहे, धन्यवाद.

 काय झालं होतं ते मला तिथेच, त्या ओट्यासमोर कळलं. माझ्या चौथ्या नियमामुळे यंत्र 'हाय' ऐकलं की ते 'आहे' समजायला शिकलं होतं. उत्तराचे रकाने दोनच होते. हो असेल तर हो, आणि हो नसेल ते सगळं नाही. ज्या ज्या बाईने जीव तोडून हाय म्हटलं, तिला आम्ही नाही म्हणायला लावलं होतं. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या जयवंतीला उठवत होत्या.

रिक्षात मॅडमनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी पुढे रफीकच्या शेजारी कसाबसा टेकलो होतो. "मॅडम, गड्ढे बहुत हैं, पकडके रखना," रफीक सारखा म्हणत होता. वाटेत मॅडमनी नर्सबाईंना फोन लावून यादीतल्या प्रत्येक घरी आजच्या आज जायला सांगितलं. त्यांचा तो मोठा आवाज रिक्षात मावत नव्हता. जयवंती मधूनच पुटपुटायची, घरी सांगितलं न्हाय, घरी सांगितलं न्हाय. हॉस्पिटलच्या दारात तिला झटके यायला लागले. तिची मूठ मॅडमच्या बांगड्यांत अडकली होती, ती वॉर्डबॉयने सोडवली.

जयवंती वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती.

नवरा गोदामातून धावत आला तेव्हा त्याच्या अंगावर कार्टनची धूळ तशीच होती. तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो मॅडमना पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होता, "पन फोनवाला त बोलला ना, बरी हाय म्हणून?"

त्यानंतर आठ दिवसांनी समितीची शेवटची बैठक होती. मसुदा त्या दिवशी मंजूर व्हायचा होता. बैठक पडद्यावर, आमच्या लॅबमधून. मधल्या आठ दिवसांत मॅडम माझ्याशी त्या नियमाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही विषय काढला नाही. मला झोप लागत नव्हती. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. चौकशी होईल, पेपरात नाव येईल, कामतघरच्या आमच्या चाळीत लोक काय म्हणतील, असल्याच गोष्टी डोक्यात. मेलेल्या मुलीच्या आधी मला माझं नाव आठवत होतं, हे आता लिहिताना लाज वाटते.

बैठकीच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "सर, शेजारी बसाल का? बोलू नका, नुसते बसा." कॅमेऱ्यात फक्त त्या दिसत होत्या. मी बाजूला, चौकटीबाहेर.

अध्यक्षांनी भिवंडीचं कौतुक करून सुरुवात केली. पडद्यावरच्या चौकटीचौकटीतली माणसं मान डोलावत होती. मॅडमनी हात वर केला. त्या म्हणाल्या, "सर, वो प्रयोग गलत है. वो मत छापिए." आणि त्यांनी सगळं सांगितलं. जयवंतीचं, मुलीचं, हाय या शब्दाचं. यादीतल्या सात बायकांचे पाय सुजलेले होते आणि सातही जणी आमच्या कागदावर ठणठणीत होत्या, हेही.

 मग अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, दुःखद आहे, पण एवढ्या तपशिलाची गरज नाही, आपण 'स्थानिक उच्चारभेदांचा अधिक अभ्यास आवश्यक' असं एक वाक्य घालू.

"उच्चार नहीं, सर. शब्द है. उस औरत ने तीन बार हाँ कहा था. हमने काटा." मॅडमचा आवाज आता लूमच्या गल्लीतला झाला होता. "हर गाँव में हाँ के लिए कोई और शब्द होगा. आप यही तरीका पूरे देश में ले जाएँगे तो कितनी औरतें मरेंगी, मुझे डर लग रहा है."

तेव्हा एका चौकटीतून कुणीतरी थंडपणे विचारलं, "मॅडम, ये नियम बनाया किसने?"

 मॅडमच्या फाइलमध्ये माझ्या अक्षरातला तो कागद होता. त्यांनी फक्त मान वळवायची होती.

"मैंने," मॅडम म्हणाल्या.

मी काही बोललो नाही. मला बोलायला सांगितलं नव्हतं, अशी समजूत मी स्वतःची बरेच दिवस घालत होतो.

भिवंडीचं नाव मसुद्यातून गेलं. त्या प्रकरणात एक नवं कलम आलं: कोणत्याही बोलीत होकार आणि नकार कोणत्या शब्दांनी दिला जातो, हे ती बोलणाऱ्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत नोंदवल्याशिवाय अशी सेवा सुरू करू नये, आणि याची जबाबदारी संशोधन करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाची राहील. कर्ता असलेलं त्या धोरणातलं बहुधा ते एकच वाक्य असावं. मॅडमची चौकशी झाली, विभागप्रमुखपद गेलं, आणि त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. कॉलेजात त्यांच्याविषयी जे बोललं गेलं ते मी ऐकलं. त्यातही मी गप्पच होतो.

त्या लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या त्या दिवशी मी निजामपुऱ्यात गेलो. सामान टेम्पोत चढलं होतं. आठवडाभर पाठ केलेलं वाक्य मी एका दमात म्हणून टाकलं, पण लूमच्या आवाजात मला ते दोनदा म्हणावं लागलं, दुसऱ्यांदा अगदी ओरडून. "मॅडम, चौथा नियम माझा होता!" समोरच्या दुकानातल्या माणसाने वळून पाहिलं.

"मला माहीत नाही का?" मॅडम म्हणाल्या.

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

त्या माझ्या कानाजवळ आल्या. "सर, तो प्रश्न आला तेव्हा तुम्ही टेबलाखाली माझा पदर धरलात. घट्ट. बैठक संपेपर्यंत सोडला नाहीत. तुमच्या लक्षातही आलं नसेल. मी जन्मभर घाबरत आलेय, पण एवढं घाबरलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. मला नाही घेववलं नाव."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. मी हात जोडले असावेत, कारण त्यांनी ते खाली केले.

"मला कशाला हात जोडता? मी जयवंतीकडे जाऊन आले. सांगितलं तिला, माझ्या सहीने झालं म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पाणी दिलं." त्यांनी पदर खांद्यावरून नीट घेतला. "समितीपुढे मी म्हणाले, ते माझं मी बघून घेईन. पण तिच्यापुढे तुमचं तुम्हालाच म्हणावं लागेल, सर."

टेम्पो निघाला. गल्लीच्या टोकाला हातगाडीपाशी तो अडकला, तेव्हा खिडकीतून मॅडमचा हात बाहेर येऊन हातगाडीवाल्याला काहीतरी खुणावताना दिसला. मग वाट मोकळी झाली.

याला आता बरेच महिने झाले. पाड्याला जायला नाक्यावर रिक्षा मिळते. मी दोनदा नाक्यापर्यंत जाऊन परत आलो आहे.